सात सीटर गाडी घेताय? शोरूममध्ये कुणी सांगत नाही तो वजनाचा हिशेब

सोलापूरहून पुण्याकडे निघालं की मोहोळच्या पुढे मोडनिंब लागतं. माढा तालुक्यातलं, थेट महामार्गावरचं बाजाराचं गाव. इथून पंढरपूर जवळ, अक्कलकोट-तुळजापूर एका दिवसात उरकणारं, आणि घरटी एखादं पोरगं पुण्यात नोकरीला. त्यामुळे इथल्या कुटुंबाचा प्रवास सहसा दोघा-तिघांचा नसतोच. आजी-आजोबा, नवरा-बायको, दोन मुलं आणि सुट्टीला आलेली आत्या, असे सात जण तर सहज होतात.

म्हणूनच उसाचं किंवा डाळिंबाचं बिल हातात आलं, की घरात सात सीटरचा विषय निघतो. मग चर्चा सुरू होते ती दोनच प्रश्नांची. केवढ्याला पडते? आणि ॲव्हरेज किती देते?

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण पुरेसे नाहीत. कारण सात सीटरच्या बाबतीत तिसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो. ही गाडी नेमकं किती वजन पेलते? ब्रेक, टायर, सीएनजीची टाकी, छतावरचं कॅरिअर, अगदी विमा, या सगळ्याचं उत्तर फिरून तिथेच येतं.

वडापपासून घरच्या गाडीपर्यंत

सोलापूर भागात एकेकाळी कुटुंबाचा मोठा प्रवास म्हणजे भाड्याची गाडी. लग्नाला ट्रॅक्स किंवा क्रुझर, देवदर्शनाला सुमो आणि रोजच्या ये-जा साठी वडाप. टाटा सुमो १९९४ मध्ये आली. तिचं नाव कंपनीचे अध्यक्ष राहिलेल्या सुमंत मूळगावकरांच्या नावावरून ठेवलेलं. २००० मध्ये टोयोटाची क्वालिस आणि महिंद्राची बोलेरो आली, २००५ मध्ये क्वालिसच्या जागी इनोव्हा आली.

या गाड्या दणकट होत्या, पण मध्यमवर्गीय कुटुंबाच्या बजेटला आणि रोजच्या वापराला जड. स्वस्तातला पर्याय होता तो मारुतीच्या व्हॅनचा, म्हणजे ओम्नीचा. १९८४ पासून तिने तीन दशकांहून जास्त काळ शाळेची पोरं, दूध, भाजीपाला आणि वऱ्हाडी, सगळं वाहिलं. २०१९ मध्ये ती बंद झाली.

खरा बदल झाला २०१२ मध्ये, मारुतीची अर्टिगा आली तेव्हा. चालवायला कारसारखी आणि बसायला सात जागा. पुढे २०१८ मध्ये महिंद्राची मराझो (ही आपल्या नाशिकमध्ये बनायची), २०१९ मध्ये रेनोची ट्रायबर, २०२२ मध्ये किआची कॅरेन्स अशी रांग लागली. इंग्रजीत याला एमपीव्ही किंवा मिनीव्हॅन म्हणतात, पण आपल्याकडे नाव एकच. सात सीटर.

फरक इथेच लक्षात घ्यायचा. सुमो किंवा क्रुझर ही खाली लोखंडी चासी असलेली, ओझं वाहायलाच बनवलेली गाडी. अर्टिगा, ट्रायबर किंवा कॅरेन्स यांची बांधणी कारची आहे. त्यामुळे त्या आरामदायी आहेत, इंधन कमी पितात, पण क्रुझरमध्ये बारा जण बसायचे म्हणून यात नऊ बसवले तर चालेल, हा हिशेब इथे चुकतो.

सात जण म्हणजे किती किलो?

प्रत्येक गाडीची दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं माणसं-सामान धरून जास्तीत जास्त किती चालेल ते. दोन्ही आकडे गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की जे उरतं, तेवढंच वजन गाडीत टाकता येतं.

समजायला सोपं जावं म्हणून गोल आकडे घेऊ. रिकामी गाडी १,१८० किलो, कमाल मर्यादा १,७८० किलो. अर्टिगाच्या आकाराच्या पेट्रोल गाडीचे आकडे साधारण याच घरात असतात. म्हणजे हातात राहिले ६०० किलो.

आता सात मोठी माणसं, सरासरी ६५ किलोची धरली तर ४५५ किलो. उरले १४५ किलो. त्यात बॅगा, पाण्याचे कॅन, शिदोरी आरामात बसते. इथवर गाडी तिच्या मर्यादेत आहे.

पण प्रत्यक्षात निघताना शेजारची दोन पोरंही येतात. प्रत्येकी २५ किलो धरले तरी ५० किलो वाढले. बॅगा ६० किलोच्या. वर छतावर कॅरिअर, त्याचंच वजन २० किलो, आणि त्यावर गावाकडची ज्वारी-डाळीची पोती ६० किलो. बेरीज झाली ६४५ किलो. गाडी मर्यादेच्या बाहेर गेली, आणि आत बसलेल्या कुणाला ते कळलंही नाही.

कळतं ते ब्रेक दाबल्यावर. ताशी ९० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी सुमारे २५ ते ३८ मीटर गेलेली असते. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर, भरलेल्या गाडीला रिकाम्या गाडीपेक्षा जास्तच लागू शकतं. ऊस तोडणीच्या हंगामात माढा तालुक्यातल्या रस्त्यांवर अंधारात, मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर येते. तेव्हा हे अंतरच सगळं ठरवतं.

छतावरचं ओझं तर दुप्पट त्रासाचं. ते उंचावर असल्यामुळे वळणावर गाडी जास्त कलते आणि अचानक स्टेअरिंग फिरवलं तर सावरायला वेळ लागतो. छताला किती वजन चालतं, हेही पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि तो आकडा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

चार मीटरची रेष

आता किमतीकडे वळू. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीला १८ टक्के, तर चार मीटरपर्यंतच्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीलाही १८ टक्के. या मापात न बसणाऱ्या पेट्रोल-डिझेल-सीएनजी गाड्यांना ४० टक्के. आधी वर लागणारा सेस मात्र गेला.

सात सीटरमध्ये याचा परिणाम थेट दिसतो. ट्रायबरची लांबी ३,९९० मिलीमीटर, म्हणजे चार मीटरला फक्त एक सेंटीमीटर कमी, आणि इंजिन ९९९ सीसी. म्हणून ती १८ टक्क्यांत. अर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आणि १,४६२ सीसी, म्हणून ती ४० टक्क्यांत. दोघींचाही कर आधीपेक्षा कमी झाला, पण दोघींमधली दरी वाढली.

मग स्वस्त आहे म्हणून छोटीच घ्यावी का? इथे पुन्हा वजन आणि जागा येते. तिन्ही रांगा उघड्या असताना ट्रायबरच्या डिकीत ८४ लिटर जागा उरते, अर्टिगाच्या डिकीत २०९ लिटर. विमानात हातात नेतात ती छोटी बॅग साधारण ४० लिटरची असते. म्हणजे ट्रायबरमध्ये सात जण आणि दोन बॅगा. ट्रायबरचं एक लिटरचं इंजिन ७२ पीएसचं आहे. चार-पाच जणांना आणि गावातल्या वापराला ते पुरतं. पण सात जण, एसी चालू आणि महामार्गावर ट्रकला ओव्हरटेक, अशा वेळी त्याची दमछाक जाणवते.

वर्षातून दोनदाच सात जण बसणार असतील आणि एरवी चौघेच, तर छोटी सात सीटर शहाणपणाची. दर आठवड्याला सात जण बसणार असतील, तर मोठ्या गाडीचा जादा खर्च वाया जात नाही.

शोरूमची किंमत आणि दारातली किंमत

जाहिरातीतली किंमत ही एक्स-शोरूम असते. त्यावर महाराष्ट्रात एकदाच भरायचा वाहन कर लागतो. खासगी पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. सीएनजीवरचा कर २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात एका टक्क्याने वाढवला, तरी तो पेट्रोलपेक्षा कमीच आहे.

म्हणजे ११ लाखांच्या पेट्रोल गाडीवर फक्त वाहन कर १ लाख ३२ हजार. शिवाय गाडी १० लाखांच्या वर गेली की डीलर एक टक्का टीसीएस कापतो, इथे ११ हजार. हा पैसा आपलाच असतो आणि आयकर विवरणपत्र भरलं तर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. शेतीचंच उत्पन्न आहे म्हणून विवरणपत्र न भरणारी कुटुंबं हे पैसे सोडून देतात.

यानंतर बिलात येतात त्या ॲक्सेसरीज, कोटिंग, हँडलिंग वगैरे ओळी. प्रत्येक ओळीसमोर बोट ठेवून ‘हे सक्तीचं आहे का?’ असं विचारायचं. विमा सक्तीचा आहे, पण तो डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. दोन-तीन ठिकाणी दर विचारले तर फरक कळतो.

कर्जाचा हप्ता छोटा दिसावा म्हणून मुदत वाढवून दिली जाते. ८ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,८०० आणि एकूण व्याज सुमारे २ लाख ८ हजार. तेच सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १३,१०० वर येतो, पण व्याज जवळपास ३ लाखांवर जातं. म्हणजे ९० हजार रुपये जादा. आणि कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरून बँकेचं नाव काढायला विसरायचं नाही. नाहीतर पुढे गाडी विकताना अडतं.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

मारुतीने २०२० मध्ये बीएस-६ नियम आल्यावर डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे बजेटमधल्या सात सीटरमध्ये मुख्य लढत पेट्रोल आणि सीएनजीची उरली.

सीएनजीचा किलोमीटरमागचा खर्च कमी, हे खरंच आहे. पण टाकी मागे डिकीत बसते. अर्टिगात ती ६० लिटरची आहे. म्हणजे सात जणांच्या बॅगा ठेवायच्या जागेवर टाकी, आणि शिवाय टाकीचं आणि तिच्या सांगाड्याचं वजन म्हणजे एक माणूस आधीच गाडीत बसलेला. सीएनजीवर ताकदही कमी मिळते. मग सामान कुठे जातं? छतावर. आणि छतावरच्या ओझ्याचं काय होतं ते वर आलंच आहे.

रोज मोडनिंब ते सोलापूर किंवा पंढरपूर असा प्रवास असेल तर सीएनजीचं गणित जमतं. महिन्याला पाचशे-सातशे किलोमीटरच होत असतील तर पेट्रोल बरं. सीएनजी घेतलीच तर ती कंपनीने बसवलेली घ्यायची, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी चुकवायची नाही.

ट्रायल घ्यायला आजीलाही न्या

ट्रायलला बहुतेक वेळा चालवणारा आणि त्याचा मित्र जातो. तिसऱ्या रांगेत बसणारी माणसं घरीच असतात. शोरूम सोलापूरला असो की पंढरपूरला, शक्य असेल तर सगळं घर घेऊन जायचं आणि सातही जण बसवून गाडी चालवायची.

बघायचं काय? आजी मधल्या रांगेत पाय न दुमडता चढते का. तिसऱ्या रांगेत गुडघे छातीला लागतात का. मागे एसीची हवा पोहोचते का, कारण एप्रिल-मेमध्ये सोलापूर जिल्ह्यात पारा ४० च्या पुढे जातो. सातही जागांना पट्टा आहे का आणि तो सहज हाताला येतो का. बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत येतात का, हे माहितीपत्रकात शोधायचं.

मागच्या सीटवरचा पट्टा आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योजक सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. महागडी, सुरक्षित समजली जाणारी गाडी होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता आणि त्या दोघांचाच जीव गेला. पुढे बसलेले दोघे वाचले.

गाडीचे क्रॅश टेस्टचे तारेही बघायचे. भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तारे बघताना चाचणी कोणत्या वर्षीची आणि कोणत्या मॉडेलची, हे बघणं गरजेचं, कारण चाचणीचे नियम कडक होत गेलेत आणि जुने चार तारे म्हणजे आजचे चार तारे नव्हेत.

डिलिव्हरीच्या दिवशी हार घालण्याआधी

दसरा-पाडव्याला शोरूममध्ये गर्दी असते. चाकाखाली लिंबं, हार, फोटो, सगळं घाईत उरकतं. त्याआधी दिवसाउजेडी पंधरा मिनिटं काढायची.

• विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, गाडी कोणत्या महिन्यात बनली ते लिहिलेलं असतं. वर्ष उलटलेली गाडी नवीच्या भावात घ्यायची नाही.
• टायरवर चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. पाचही टायर बघायचे, स्टेपनीसकट.
• चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवायचे.
• सगळ्या काचा, सगळे पट्टे, तिन्ही रांगांचा एसी चालवून बघायचा.
• स्टेपनी, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, आणि सात जण बसलेले असताना ते काढायचे कसे, हे तिथेच शिकून घ्यायचं.

दोन गोष्टी मात्र टाळायच्या. एक म्हणजे पुढचा लोखंडी गार्ड. त्यावर २०१७ मध्येच केंद्राने बंदीचे आदेश दिले. धडक बसल्यावर एअरबॅग कधी उघडायची हे ठरवणाऱ्या यंत्रणेत तो अडथळा आणू शकतो. दुसरं म्हणजे सीटमध्येच एअरबॅग असताना घातलेलं साधं जाड सीट कव्हर. कव्हर हवंच असेल तर एअरबॅगसाठी शिवण मोकळी ठेवलेलं घ्यायचं.

टायर उन्हाने फुटतो की हवेने?

उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटला की दोष उन्हाला दिला जातो. पण बऱ्याचदा खरं कारण असतं कमी हवा आणि जास्त वजन. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. वाकून वाकून रबर आतून तापतं. वरून डांबर तापलेलं, आत सात जण आणि वेग शंभरचा. मग टायर फुटतो.

यात एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी भरावी. हे उलटं आहे. चालकाच्या दाराजवळच्या खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर बऱ्याच गाड्यांत हवेचे दोन आकडे दिलेले असतात, एक कमी माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. सात जण निघणार असतील तर दुसरा आकडा पाळायचा. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना. नायट्रोजनच हवा असाही अट्टहास नको, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांतून एकदा तपासणं जास्त कामाचं.

दर १० हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल आणि अलाइनमेंट करायची. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद.

सर्व्हिस, उंदीर आणि ओढ्याचं पाणी

नव्या गाडीला पहिले हजार किलोमीटर जपायचं. एकाच वेगाने लांब पळवायची नाही, एकदम जोरात ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. मारुतीसारख्या कंपन्यांत पहिली मोफत सर्व्हिस १,००० किलोमीटरला, दुसरी ५,००० ला, तिसरी १०,००० ला असते. किलोमीटर झाले नाहीत म्हणून सर्व्हिस पुढे ढकलली तर वॉरंटीत अडचण येते, कारण नियम ‘किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते’ असा असतो.

गावाकडे त्यात काही भर पडते. कच्च्या रस्त्याच्या धुळीमुळे एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर लवकर भरतो, तो सर्व्हिसच्या मधेही एकदा झटकून बघायचा. गाडी वस्तीवर, गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ लावली की उंदीर बॉनेटमध्ये घुसतात आणि वायरी कुरतडतात. गाडीत पेंड किंवा धान्याचं पोतं रात्रभर ठेवायचं नाही. आठवडाभर गाडी उभी असेल तर निघण्याआधी बॉनेट उघडून बघायचं.

आणि पाणी. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला आणि माढा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. पाण्यात उभी राहिलेली गाडी चालू होते का म्हणून किल्ली फिरवायची चूक बरेच जण करतात. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो आणि साधी दुरुस्ती लाखाच्या घरात जाते. अशा वेळी गाडी सुरू न करता ओढूनच न्यायची. या नुकसानीसाठी विम्यात ‘इंजिन प्रोटेक्ट’ हा वेगळा भाग घ्यावा लागतो.

विमा नेमका कुणाचा?

हा भाग सगळ्यात कमी वाचला जातो, आणि कुटुंबाला सगळ्यात महाग पडतो.

नव्या गाडीसोबत थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी ‘विमा तर तीन वर्षांचा आहे’ असं समजून तो भरायचा राहून जातो.

इथे गोम अशी की, फक्त थर्ड पार्टी विमा हा प्रामुख्याने गाडीबाहेरच्या माणसासाठी असतो. खासगी गाडीत बसलेले घरचे लोक त्यात आपोआप धरले जात नाहीत. ते धरले जातात पूर्ण, म्हणजे पॅकेज पॉलिसीत. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतही हा फरक मांडलेला आहे. म्हणजे ज्या सात जणांसाठी गाडी घेतली, त्यांनाच दुसऱ्या वर्षी विम्याचं संरक्षण नाही, असं होऊ शकतं. दरवर्षी पॉलिसीच्या कागदावर ‘पॅकेज’ लिहिलंय की फक्त ‘लायबिलिटी’, हे बघायला एक मिनिट लागतं.

जादा माणसांचंही तसंच. कायद्याने जादा प्रवाशामागे दंड २०० रुपये आहे, म्हणून कुणी घाबरत नाही. पण क्षमतेच्या दुप्पट प्रवासी बसवलेल्या एका बसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये विमा कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या प्रवासीसंख्येपुरतीच ठेवली. उरलेल्यांच्या भरपाईचं ओझं मालकावर येतं.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवणं हाही तोच प्रकार. हप्ता निघावा म्हणून लग्नाचं एखादं भाडं किंवा आठवडी बाजाराचं वडाप मारलं, आणि त्यात अपघात झाला, तर खासगी गाडीचा विमा व्यवसायासाठी वापरल्याच्या कारणावरून नाकारला जाऊ शकतो. भाडंच करायचं असेल तर पिवळी पाटी, परमिट आणि त्याचा वेगळा विमा घ्यायचा.

टोलचं काय?

मोडनिंबकरांना वरवडे टोलनाका जवळच आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खासगी गाडीसाठी सवलतीचा मासिक पास मिळतो, त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो. पुण्याला वारंवार जाणं असेल तर १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास आहे. २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. प्रत्येक नाका ओलांडणं ही एक फेरी धरली जाते, म्हणून आपल्या वर्षभराच्या फेऱ्या मोजूनच तो घ्यायचा.

निघण्याआधीची पाच मिनिटं

गाडी आली की पहिला प्रवास बहुतेक घरांत पंढरपूरचाच असतो. अंतर थोडं, रस्ता ओळखीचा, त्यामुळे सवय लावायला तो चांगला. सकाळी टायर थंड असताना हवा भरलेल्या गाडीच्या आकड्यावर आणायची. जड सामान डिकीत तळाला आणि मोकळं सुटणार नाही असं ठेवायचं, कारण जोरात ब्रेक लागला की मागचं पोतं तिसऱ्या रांगेतल्या पोरांच्या पाठीवर येतं. लहान मुलांना मांडीवर न घेता त्यांच्या सीटवर बसवायचं आणि सातही पट्टे लागल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही.

आणि निघता निघता आठवा माणूस दारात आला तर? त्याला मोडनिंबच्या स्टँडवरून पंढरपूरच्या एसटीचं तिकीट काढून द्यायचं. तोही देवळात वेळेवर पोहोचतो.